आरशांच्या गोळ्याखालचं कीर्तन

नवी सून असताना मी एक मूर्खपणा केला. कीर्तनाला जाते असं सासूबाईंना सांगून शेजारच्या कुसुमबरोबर एका चावट इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग पाहून आले. काल नातीच्या लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमात छताला आरशांचा गोळा फिरताना दिसला आणि तो सिनेमा आठवला. तिथंही असाच गोळा होता. त्याखाली नायिका नाचायची आणि कपडे घालायला विसरायची. पहिला भाग पाहिला नव्हता, पण काही अडलं नाही. मी मेली तोंडात पदर कोंबून, बोटांच्या फटीतून सगळं पाहत होते. टुकार सिनेमाचं सुखच असं, की त्याच्यापुढं शहाणं असावं लागत नाही.

घरी आले तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, कीर्तनकार बुवा तर दुपारभर इथंच जेवून घोरत होते. आता तुझ्या कीर्तनात काय झालं ते सांग, आणि काही गाळू नकोस."