तीजाला न आलेल्या नणंदबाई

माझ्या नणंदबाई, प्रमोदिनीताई, इतक्या धडधाकट, की तेच त्यांना नडलं. माझ्या नवऱ्याला, शिशिरला, किडनी द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्या तपासण्यांत पास झाल्या त्या एकट्या. मे महिन्यात ऑपरेशन झालं. शिशिरच्या तोंडावर तजेला आला आणि आम्ही सगळे त्याच्याच दिमतीला लागलो. उकळलेलं पाणी, मास्क, घड्याळ लावून गोळ्या. ताईंना कोण विचारणार? त्या थोड्याच आजारी होत्या!

डॉक्टर म्हणाले होते, आठेक आठवड्यांत पूर्वीसारख्या व्हाल. आठ आठवडे संपले तशा ताई कामावर रुजू झाल्या. शहराबाहेर नवी राजधानी झाली, सरकारी कचेऱ्या तिकडे गेल्या, पण ताईंचं घर राहिलं जुन्या रायपुरात, भनपुरीतच. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास बसमध्ये. परतताना डोळा लागून दोनदा भलत्याच थांब्यावर उतरल्या. आम्ही हसलो. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

आम्ही तीन पिढ्यांचे रायपूरकर. इथला तीजा कधीच आमचा झालेला. हरतालिकेच्या आदल्या दिवशी भावानं जाऊन बहिणीला माहेरी आणायचं, साडी द्यायची, तिनं चार दिवस आराम करायचा. आराम आपला म्हणण्यापुरता. ताई आल्या की पदर खोचून थेट स्वयंपाकघरात. या वर्षी शिशिरला गर्दीची मनाई, म्हणून पंडरीच्या कापडबाजारातून साडी घेऊन मीच निघाले. रस्ताभर मनात एकच, ताई चार दिवस त्याचं बघतील, मी जरा पाठ टेकीन. मीसुद्धा थकले होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. ताईंचे यजमान मालाच्या ट्रकबरोबर बाहेरगावी. ताई ओट्याखाली फरशीवर, भिंतीला टेकून. अंगावर ऑफिसची साडी, पुढ्यात अर्धी चिरलेली कारली.

"बसली तं उठणंच होऊन नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "राधिका, या वर्षी मी नाही येत."

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. ताईंच्या तोंडून "नाही" मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"असं होऊन राहिलं तं सांगितलं काहून नाही, ताई?"

"कोणाले सांगू? शिशिरच्या कानावर गेलं तं त्याले वाटंल, माह्यापायी झालं. मंग त्याले घास गोड लागंल का? तुले शपथ आहे, त्याले सांगू नको."

मला माझी लाज वाटली. रागही आला, त्यांचा, शिशिरचा, सगळ्यांचाच. अंगणात जाऊन मी शपथ मोडली. फोनवर शिशिरला सगळं सांगितलं, येताना माझ्या मनात काय होतं तेही. पलीकडून नुसतं हुंदके दाबल्याचं ऐकू येत होतं. मग म्हणाला, "तू तिथंच राह्य. चार दिवस, आठ दिवस. माह्यं मी करतो."

आत येऊन मी उरलेली कारली पुढे ओढली. ताई माझ्याकडे बघत होत्या.

"सांगितलं न त्याले?"

"हव."

"रडला का?"

"लय रडले ते."

ताईंनी मोठा श्वास सोडला आणि तिथंच फरशीवर आडव्या झाल्या.

"मंग आता मले बी रडता येईल," त्या म्हणाल्या.