सातवा परिच्छेद

धुळ्याच्या एका लॉ कॉलेजात मी एलएल.एम.च्या मुलांना तळटिपा लिहायला शिकवते. निकालाचा संदर्भ द्यायचा तर पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, पान आणि परिच्छेद. पुढं मी विचारते, त्या परिच्छेदात बोलतंय कोण? मुलं कंटाळतात, पण मी सोडत नाही.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात नमुना म्हणून माझाच प्रबंध पडद्यावर दाखवला होता. जळगावला शिकताना लिहिलेला, पोटगीच्या कायद्यावरचा. माझ्या तळटिपांचं तेव्हा मार्गदर्शकांनी कौतुक केलं होतं. तास संपल्यावर एरंडोलकडची एक विद्यार्थिनी मागे थांबली. म्हणाली, त्या पानाच्या तळटिपेतलं नाव तिच्या आत्याचं आहे. वर्गातल्याच कुणाच्या घरचं नाव निघालं म्हणून मला बरंच वाटलं, तसं मी बोललेही. ती हसली नाही.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय की बाई स्वतःहून घर सोडून गेली असं न्यायालयानं म्हटलं. आत्याला घराबाहेर काढलं होतं. निकाल तिच्या बाजूनं लागलाय."

मी तिला काहीतरी सारवासारव करून सांगितलं आणि घरी येऊन निकाल उघडला. खरं सांगायचं तर प्रबंधाच्या वेळी मी तो पूर्ण वाचलाच नव्हता. वरचा सारांश पाहिला, हवा तो शब्द शोधला, वाक्य उचललं. ते वाक्य सातव्या परिच्छेदात होतं, आणि त्या परिच्छेदाची सुरुवात होती, 'पतीच्या वकिलांनी असा युक्तिवाद केला की'. न्यायालयाचं म्हणणं चौदाव्यात होतं. पतीचं म्हणणं विश्वासार्ह नाही, इतकं स्पष्ट. माझ्या तळटिपेत वर्ष बरोबर होतं, पान बरोबर होतं, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होते.

प्रबंधातल्या त्या प्रकरणाचा मी पुढं एका नियतकालिकात लेख केला होता. शोधलं तर आणखी दोघांनी त्या लेखावरून तेच वाक्य घेतलेलं, बाईंच्या नावासकट. एकानं तर 'सिद्ध झालं' असं लिहिलं होतं.

रविवारी त्या मुलीबरोबर मी एरंडोलला गेले. आत्या घरच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवतात. गल्लीत त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांनी भाचीला चहा टाकायला लावला. मी काय झालं ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचून दाखव. मी इंग्रजीतलं वाक्य मराठी करून वाचलं. शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून त्या ऐकत होत्या.

"हाई तं त्याना वकील बोलना व्हता," त्या म्हणाल्या. "मी व्हतू तठे."

कोर्टात भरल्या लोकांत त्यांनी ते नवऱ्याच्या वकिलाच्या तोंडून ऐकलं होतं. नंतर कितीतरी दिवस ते कानात वाजत राहिलं, निकाल लागल्यावर कुठं थांबलं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "मंग तू काबर लिखं?"

मी म्हणाले, पूर्ण वाचलं नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. ते पुसता येईल का, एवढंच विचारलं. मी सांगितलं, पुसता येत नाही, दुरुस्ती जोडता येते. "बठ्ठासले धाड," त्या म्हणाल्या. सगळ्यांना पाठव.

विद्यापीठाच्या ग्रंथालयानं मंजूर प्रबंधाला हात लावता येत नाही म्हणून अर्ज दोनदा परत केला. तिसऱ्यांदा दुरुस्तीची एक चिठ्ठी आत चिकटवू दिली. नियतकालिकानं कोपऱ्यात चार ओळी छापल्या. त्या दोन लेखकांपैकी एकानं आभार मानून दुरुस्ती केली. 'सिद्ध झालं' लिहिणाऱ्यानं उत्तर दिलेलं नाही. त्याला मी किती पत्रं लिहिली ते आता आठवत नाही.

पेपर तपासताना, भाजी निवडताना ते वाक्य ऐकू येतं. आधी त्या वकिलाच्या आवाजात, ज्याला मी कधी पाहिलंही नाही. थोड्या वेळानं लक्षात येतं की आवाज माझाच आहे, अक्कांच्या त्या पुढच्या खोलीत वाचत असल्यासारखा.

ती मुलगी पास होऊन आता जळगावच्या कोर्टात वकिली करते. अधूनमधून फोन करते, आत्या दुरुस्तीचं विचारते म्हणून सांगते. मागच्या महिन्यात मला एक नवा लेख सापडला. त्या उत्तर न देणाऱ्या लेखकाचा आधार घेऊन तेच वाक्य, तेच नाव. त्या नव्या लेखकालाही मी लिहिलं आहे. एरंडोलला मात्र अजून सांगितलेलं नाही.