ओळखीचं अक्षर

आमच्या कंपनीत मासळी साफ होते, गोठवली जाते, खोक्यात भरून परदेशी जाते. या सगळ्यात माझा मासळीशी काडीचा संबंध नाही. मी माणसांच्या फायली सांभाळते. मिरजोळ्याला कंपनी सुरू झाली तेव्हा या कामाला पर्सोनेल म्हणायचे, आता एचआर म्हणतात. नाव बदललं तरी मी जेवणाच्या हॉलमध्ये शिरले की बायका गप्प होतात, ते काही बदललं नाही. पहिल्या वर्षी मी हट्टाने त्यांच्यात बसून डबा खाल्ला. त्यांच्या घशाखाली घास उतरेना आणि मग माझ्याही. तेव्हापासून मी केबिनमध्ये एकटीच जेवते. केबिनला तीन बाजूंनी काच आहे, त्यामुळे मी एकटी जेवते हे सगळ्यांना दिसतं.

अपवाद एकच होता, तोही कंपनीच्या बसमध्ये. पॅकिंगमधली एक बाई, माझ्याच वयाची, हातखंब्याला बसमध्ये चढायची आणि शेजारच्या सीटवर आपली पिशवी ठेवून द्यायची. खेडशीला मी चढले की पिशवी उचलायची. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता, पण तेवढ्यात ती मला तांदळाच्या भाकरीत जवळ्याची चटणी घालून द्यायची, मुलींच्या परीक्षा सांगायची, माझ्या साडीला नावं ठेवायची. कंपनीच्या फाटकाच्या आत ती मला मॅडम म्हणायची, बसमध्ये ‘बाय’. दिवसभरात मला कुणी नीट हाक मारली तर ती तेवढीच.

कंपनीत एक तक्रारपेटी होती. कोण टाकतंय तक्रार! तिच्यावर कोळ्याने जाळं केलं होतं. पण गेल्या पावसाळ्यात परदेशी खरेदीदारांकडून तपासणीला माणसं आली आणि त्यांनी ती पेटी सगळ्यांसमोर उघडायला लावली. आत एकच चिठ्ठी होती. पॅकिंगमधल्या बायकांना संडासला जायचं तर सुपरवायझरकडे पास मागावा लागतो, तो पुरुष आहे, तो चारचौघांत कारण विचारतो, हे बंद करा, एवढंच. खाली सही नव्हती. तपासणीवाल्यांनी चिठ्ठीचा फोटो काढला. आमच्या मॅनेजरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. मॅनेजर कोल्हापूरकडचे, बोलायला गोड. त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली.

“सगळ्यांचे रजेचे अर्ज तुमच्याकडं आहेत. जरा लावून बघा की अक्षर.”

लावून बघायची गरजच नव्हती. आमच्या बायका वर्षातून तीनदा हाताने अर्ज लिहितात, भातलावणीला, गणपतीला आणि शिमग्याला. इतकी वर्षं ते वाचून मला माणसं चेहऱ्याआधी अक्षरावरून आठवतात. आणि आधी ओळभर लांब रेघ ओढून मग तिला दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी एकेक अक्षर टांगणारी बाई आमच्याकडे एकच होती. ती रोज सकाळी माझी जागा धरायची.

मी म्हटलं, सांगणं कठीण आहे, पुष्कळ जणी अर्ज मुलांकडून लिहून घेतात. ते म्हणाले, दोन दिवस घ्या, पण शोधा. हे काम मी करणार नाही, असं मी म्हणाले नाही. नाही म्हणायला छाती लागते, जुळत नाही म्हणायला नुसता चष्मा पुरतो. मी चष्मा लावला.

केबिनमध्ये येऊन आधी तिचे अर्ज फायलीतून काढले आणि पर्समध्ये टाकले. मग बाकीचा गठ्ठा टेबलावर पसरून बसले. समोरच मॅनेजरांचं दार होतं. ते येता-जाता बघत होते, म्हणून मी चिठ्ठी एकेका अर्जाशेजारी धरत होते, मान हलवत होते, पुढचा घेत होते. दोन दिवस हे नाटक मन लावून केलं. काच तीन बाजूंनी आहे हे मीच विसरले. पॅकिंगच्या बायका चहाला त्याच वाटेने जातात.

तिसऱ्या दिवशी खेडशीला बसमध्ये चढले तर तिच्या शेजारच्या सीटवर पिशवी नव्हती, दुसरी एक बाई बसली होती. मी उभी राहिले तशी माझी जागा धरणारी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “पुढं जागा हाय, मॅडम.”

मी ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. रडू येत होतं आणि रागही. इथे मी हिच्यासाठी खोटं बोलत्ये आणि ही मला पुढे बसवते! पण तिला सांगायचं काय? घाबरू नको म्हणायचं, तर चिठ्ठी तुझी आहे हे मी ओळखलं, असं आधी म्हणावं लागलं असतं. तिने विश्वासाने एखादीला सांगितलं असतं, तिने आणखी एकीला, आणि ते मॅनेजरांच्या कानावर गेलं असतं तर माझीच नोकरी धोक्यात. खरं कारण हेच होतं. तेव्हा मी स्वतःला सांगत होते की मी तिला जपते आहे.

चिठ्ठी परत देऊन मॅनेजरांना मी सांगितलं, एकही अक्षर जुळत नाही. ते हसले आणि म्हणाले, मग गणपतीच्या रजेचे अर्ज प्रत्येकीकडून तुमच्यासमोर बसवून लिहून घ्या. मी दुसऱ्याच दिवशी रजेचे छापील फॉर्म करून आणले, नाव, तारखा आणि सही, बाकी काही लिहायचंच नाही. तपासणीवाल्यांना सगळीकडे सारखा फॉर्म लागतो असं ठोकून दिलं. मॅनेजरांना ते पटलं की ते कंटाळले, कोण जाणे. पुढे खरेदीदारांचं पत्र आलं आणि संडासचा पास बंद झाला. बायकांनी मॅनेजरांना पेढे दिले.

पण त्याआधीच ती माझ्या केबिनमध्ये आली होती. हातात वहीचा कागद. राजीनामा. घरगुती अडचण, असं लिहिलेलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याच टांगलेल्या अक्षरांत. तो कागद सहीसाठी मॅनेजरांच्या टेबलावर जाणार होता आणि ती चिठ्ठी अजून त्यांच्या खणात होती. राहिलेला पगार, दाखला, सगळं त्यांच्याच हातात. आणि ते अडवायला माहीर.

मी तिला म्हणाले, राजीनाम्याची घाई नको, पुन्हा विचार कर. तिने कागद आणखी पुढे सरकवला. मग मी तो कागद परत तिच्याकडे सरकवला, राजीनाम्याचा छापील फॉर्म काढला आणि म्हटलं, हाताने लिहिलेलं चालत नाही, इथे फक्त सही कर.

तिने फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तेवडं पन लिवू देनार नाय तुमी?”

काचेबाहेरून कुणी बघतंय का, हे मी आधी पाहिलं. तोवर तिने सही केली होती.

त्यानंतर मी बसमध्ये कुठेही बसते, कुणी हरकत घेत नाही. तिचे अर्ज बरेच दिवस पर्समध्येच होते.

या उन्हाळ्यात एका लग्नाहून परतताना हातखंब्याला उतरले. नाक्यावर एका टपरीला पुठ्ठ्याची पाटी होती, कोकम आगळ, आमसुलं, फणसाचे गरे. लांब रेघ आणि तिला टांगलेली अक्षरं. ती टपरीत बसली होती. मला बघून उठली आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, काय देऊ?

मी आगळाची बाटली मागितली. ती कागदात गुंडाळत असताना मी एका दमात सांगून टाकलं की तुझं नाव मी दिलं नव्हतं, तुझे अर्ज मीच काढून ठेवले होते, फॉर्मही त्याचसाठी होता. महिनोन्महिने मनात घोळवलेलं ते सगळं तिथे अर्ध्या मिनिटात संपलं. मला वाटलं होतं, ती आता बाय म्हणेल.

तिचे हात थांबले.

“म्हंजे तुमाला ठावं होतं,” ती म्हणाली. “मग येकदा बोलायचंत तरी. येवडे दिस मी येकलीच घाबरत व्हते.”

मी पण, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माझी नोकरी शाबूत होती आणि ती टपरीत उभी होती, त्यामुळे ते म्हणता आलं नाही. तिने बाटलीला दोरा बांधला, पैसे घेतले आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, काय देऊ?