पापुद्र्यावरचा आळ

आमच्या घरी भाकरीचा पापुद्रा वडिलांचा. चुलीतल्या निखाऱ्यांच्या आरावर टम्म फुगलेल्या बाजरीच्या भाकरीचा वरचा पातळ पदर, ठिकठिकाणी काळे डाग पडलेला, खरपूस. आई तो अलगद सोडवायची, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घालून वडिलांच्या ताटात ठेवायची. आम्ही कोणी हात पुढे केला तर चापटी बसायची. तिनं स्वतः तो कधी खाल्लेला मला आठवत नाही. नवऱ्याशी चार शब्द लाडाचे बोलायची आमच्या कोल्हार गावात पद्धत नव्हती. जे काय होतं ते त्या पापुद्र्यात होतं.

मागच्या वर्षी वडिलांना आतड्याचा कॅन्सर निघाला. नगरला ऑपरेशन झालं, ते घरी आले, मी श्रीरामपूरहून रजा काढून राहायला गेले आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माणसं मोसंबी घेऊन येत, वडिलांना "बरं हाय का?" विचारत आणि लगेच स्वयंपाकघराकडे वळत. आत्या म्हणाली, दूध बंद करा. शेजारीण म्हणाली, हळद घालून दूधच द्या. कुणी साखरेवर घसरलं, कुणी पिशवीतल्या तेलावर, कुणी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांवर. आई मुकाट्यानं एकेक वस्तू माळ्यावर टाकत होती. माझं डोकं फिरत होतं, पण दारी आलेल्या माणसाला बोलायचं कसं, म्हणून चहा करत राहिले.

मग वडिलांचे चुलतभाऊ आले. तळहातावर तंबाखू मळत त्यांनी मला मोबाईलमधला कसलासा व्हिडिओ बघायला लावला आणि आत तोंड करून म्हणाले, "वहिनी, करपलेलं खाल्ल्यानंच हुतं हे. तुमी त्याला रोज काळा पापुद्रा घालत हुत्या. मी डोळ्यानं बघितलंय." एवढं बोलून त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली. माझा नुसता संताप झाला. तंबाखूनं काय होतं हे पुडीवरच छापलेलं असतं, ते यांना दिसत नाही. आमच्या तव्यावरचे डाग मात्र लांबून दिसतात!

त्या दिवसापासून आईनं भाकरी करणंच सोडलं. मऊ भात, नाहीतर मी केलेल्या चपात्या. वडील दोन घास खाऊन ताट सारायचे. अंगावरचं मांस उतरत चाललं.

तपासणीला नगरला गेलो तेव्हा मी आईला मुद्दाम डॉक्टरांसमोर बसवलं. म्हटलं, करपलेल्या पापुद्र्यानं झालं का, ते हिला सांगा. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, खाण्याचा थोडाफार संबंध असतो, पुष्कळ माणसं तपासली की तो दिसतो. पण या एका माणसाला कशानं झालं, ते कुणीच सांगू शकत नाही. भाकरीला दोष देऊ नका, पचेल ते पोटभर जेवू द्या.

मला हायसं वाटलं. एसटीत बसल्यावर आई म्हणाली, "म्हंजी, न्हाई असं बी न्हाई म्हनले ते." आणि तिकिटाची घडी करत, "बाकीचं आपन सगळ्यांनीच खाल्लं. पापुद्रा तेवढा त्यांनीच."

शिकलेला माणूस जपून बोलला, आणि ज्यांना काडीचं कळत नव्हतं ते छातीठोक सांगून गेले होते. आईच्या मनात राहिलं ते त्यांचंच. याची चीड मला अजून येते.

पुढच्या आठवड्यात चुलते पुन्हा हजर. "काय खायला घालता सध्या, वहिनी?"

वडील कॉटवर उठून बसले. "एवढी वर्सं म्या रान कसलं, कधी अंथरुन धरलं न्हाई. तवा आलता का रं हिला इचारायला, काय खायला घालती म्हनून?"

चुलत्यांनी मोबाईल खिशात घातला. चहाही न घेता गेले.

"भाकरी कर गं," वडील आत बघून म्हणाले. "पापुद्र्यासकट."

आईनं चूल पेटवली. भाकरी फुगली, पापुद्रा सुटला. मग ती दाराकडे पाठ करून बसली आणि त्यावरचा एकेक काळा डाग सुरीनं खरवडून काढू लागली. मी बघत होते. मग चटणीत तेल कालवून तिच्यापुढं ठेवलं.

वडिलांनी घास मोडला, चावला. "पहिल्यावानी न्हाई लागत."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "आता न्हाईच लागायची."