वाकडा बसलेला प्लग

आठ वर्षं झाली. माझ्या बायकोला ही गोष्ट अर्धीच माहीत आहे, आणि जी अर्धी माहीत आहे ती खोटी आहे. बाकीची आज पहिल्यांदा तोंडातून काढतोय. तुमच्यापुढेच का? तुम्ही शालिकभाऊला ओळखत नाही, म्हणून असेल.

शालिकभाऊ आमच्या गावचा, खान्देशातला. मला सुरतेत त्यानेच आणलं. गोडादऱ्यात चार महिने मी त्याच्याच खोलीत राहिलो, मंगलवहिनीच्या हातचं खाल्लं. तापीवर वॉटर स्कूटर फिरवणाऱ्या एका शेठकडे तो मिस्त्री होता. मला मोटरसायकलचं काम येत होतं, म्हणून मलाही तिथेच लावून घेतलं. पहिल्या दिवशी त्याने स्कूटरची सीट उचलून इंजिन दाखवलं. म्हणाला, माणूस या पेटाऱ्यावर बसतो, हे विसरू नको.

स्पार्क प्लगच्या बाबतीत तो फार कडक. इंजिन आधी गार होऊ द्यायचं. प्लग नुसत्या बोटांनी आत फिरवायचा, पहिले तीन-चार आटे अलगद गेले पाहिजेत. अडला तर उलटा फिरवून काढायचा, पुन्हा लावायचा. पाना सगळ्यात शेवटी. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, मऊ असतं. जोर केला की लोखंडी प्लग वाकडा घुसतो आणि हेडचे आटे खाऊन टाकतो. "बोटले समजस, पानाले नही," असं तो म्हणायचा.

मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

त्या रविवारी दुपारी काठावर माणसांची रीघ होती. तीन नंबरची स्कूटर धक्के खात होती. प्लग बदलायला मी बसलो, तेव्हा शालिकभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "जरा थांब, गार होऊ दे. तुझा हात अजून कच्चा आहे." बस, एवढंच. पण कोणीतरी हसलं — आणि माझं डोकं फिरलं. त्याची पाठ वळल्यावर मी प्लग थेट पान्यात घातला आणि तापलेल्या इंजिनात लावला. दुसऱ्या फेऱ्याला तो अडला. वाळू दळल्यासारखी करकर मनगटापर्यंत आली. मी थांबायला हवं होतं — नाही थांबलो. दोन्ही हातांनी रेटला. जणू इंजिनात नाही, शालिकभाऊच्याच छातीत घालत होतो.

"बसला का नीट?" त्याने लांबून विचारलं.

"बसला," मी म्हणालो.

स्कूटर एका जोडप्याला दिली. ती नदीच्या मधोमध गेली, नवऱ्याने वेग दिला, आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला. प्लग आटे घेऊनच बाहेर उडाला होता. सीटखालून ज्वाळा आली. बाई पाण्यात फेकली गेली. जॅकेट होतं, म्हणून तरंगली. तो मात्र क्षणभर तिथेच अडकला, पेटलेल्या पँटसकट, आणि मग पडला. त्याची किंकाळी अजून — जाऊ दे. बोटीतून त्याला काठावर आणलं तेव्हा मांडीची कातडी कापडाला चिकटून निघाली होती. तो जगला. पण ते त्या वेळी कोणाला माहीत होतं?

त्याच्या घरचे सात-आठजण आमच्यावर धावून आले. "आ कोणे रिपेर कर्युं?" कोणी केलं हे? — एकच ओरडा. एकाने शेठच्या श्रीमुखात दिली. तोवर स्कूटर ओढून काठाला लावली होती. शालिकभाऊ गुडघ्यावर बसून पेटाऱ्यात हात घालत होता. वायरीला लोंबत राहिलेला प्लग त्याने बाहेर काढला. आट्यांत ॲल्युमिनियमची साल गुंडाळलेली होती. मिस्त्रीला याहून जास्त काही लागत नाही. त्याने वर पाहिलं.

"हाऊ तू बसाडा ना?"

हा तूच बसवलास ना, असं हळूच विचारलं त्याने. रागाने नव्हे. पण माणसं अगदी मागे आली होती, आणि त्याचं तोंड पुन्हा उघडत होतं. माझ्या हातात लोखंडी पाना होता.

मी मारला. जबड्यावर, पूर्ण ताकदीने. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग ओरडलो, "यानेच केलं! यानेच!" — आणि दुसऱ्यांदा मारला. त्यानंतर जमाव तुटून पडला. लाथा, वल्ही, एकाने तर दगड घेतला. मी बाजूला झालो. पोलीस येईपर्यंत मी बाजूलाच उभा होतो.

गर्दीच्या भीतीने मारलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे. तो बोलू नये म्हणून मारलं.

दवाखान्यात रिक्षातून मीच नेलं त्याला. मंगलवहिनी धावत आली. मी म्हणालो, लोकांनी मारलं, मी कसाबसा सोडवला. पुढे बायकोलाही हेच सांगितलं. तिने माझ्यापुढे हात जोडले — रक्ताने भरलेल्या माझ्या शर्टापुढे. पलंगावर शालिकभाऊ पडला होता, जबडा तारेने बांधलेला, डोळे उघडे. तो सगळं ऐकत होता.

त्याचं काम गेलं. ते मला मिळालं. आज तिथला मोठा मिस्त्री मी आहे.

तारा निघाल्यावर त्याला बोलता यायला लागलं. तरी त्याने सांगितलं नाही — ना पोलिसांना, ना वहिनीला. का? मला माहीत नाही. माफ केलं, असं समजायचा मला हक्क नाही.

मागच्या वर्षी मी कडोदऱ्याला गेलो. तो आता तिथे कापडाच्या लूमवर आहे. कारखान्याबाहेर भेटला. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द घसरतात. त्याने चहा मागवला, टोस्ट चहात बुडवून मऊ करून खाल्ला. "कसा शे तू?" म्हणाला. मी म्हणालो, "बरा शे." मग पोरांचं विचारलं एकमेकांना. भोंगा झाला, तो आत गेला.

बायकोला मी सांगितलं होतं, जुन्या मित्राला भेटायला जातोय. मनाला सांगितलं होतं, कबूल करायला जातोय. यातलं काहीच खरं नाही. तो कोणाला बोललाय का, एवढंच बघायला मी गेलो होतो. बोलला नव्हता. परत येताना बसमध्ये मला छान झोप लागली.