नळापाशी अक्का

ड्यूटी दुसऱ्या सिस्टरच्या हवाली करून, पर्स खांद्याला अडकवून बिरनाळे अक्का जिन्यापर्यंत जायच्या आणि तिथून परत फिरून वॉर्डातल्या नळाखाली हात धरायच्या. साबण नाही, घाई नाही. त्या वेळी मोठे डॉक्टर आले तरी त्यांना थांबावं लागे. मी नवीन होते. बाईंचं सोवळं फारच कडक दिसतंय, असा मी अंदाज बांधला. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "दिवसभर धुतलं ते पेशंटसाठी. आता ह्यो हात माजा. घरी न्यायच्या आधी तो जाग्यावर हाय का न्हाय, बघाय नको?"

नव्वदच्या दशकात मी राजापूरहून कोल्हापूरला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरीला लागले, ती थेट जळीत वॉर्डात. अक्का तिथल्या इन्चार्ज. माहेर कुरुंदवाडचं, घरात निम्मं कानडी, त्यामुळे आम्ही सगळ्या नर्सेस त्यांच्या 'तंगी', म्हणजे धाकट्या बहिणी. आवाज असा की त्यांनी वॉर्डातून हाक मारली तर खालचा चहावाला वर बघे. इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, याची सवय व्हायला मला वेळ लागला. अक्कांच्या तोंडी मात्र ते पहिल्या दिवसापासून शोभलं.

जळीत वॉर्डाबद्दल फार लिहीत नाही. पेशंट बहुतेक बायकाच असत आणि बहुतेकींच्या जबाबात स्टोव्हच भडकलेला असे. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की वॉर्डभर रडणं सुरू होई. मी त्याला सरावले, आणि मग सरावण्याच्याही पुढे गेले. घरी ताट समोर आलं की घास उतरत नसे. वॉर्डात मात्र काही म्हणता काही वाटेनासं झालं. त्याचीच भीती बसली. नोकरी सोडून गावी जायचं मी ठरवलं आणि तसं अक्कांना सांगितलं.

त्यांनी भलतंच विचारलं. "चार नंबरच्या खाटंवर कोण हाय?"

"ती छातीला भाजलेली..."

"जखम न्हाय इचारली. नाव सांग."

नाव मला येत नव्हतं. रोज मीच तिची पट्टी बदलत होते. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घातली, पण अक्का रागावल्या नाहीत. "माजं बी असंच झाल्तं, तंगी," म्हणाल्या.

झालं होतं ते असं. एकदा घरी भाकरी करताना त्यांचा हात तव्यावर टेकला, आणि हात भाजतोय हे त्यांना वासावरून कळलं. भावाने धरून मौनाच्या शिबिराला नेऊन सोडलं. तिथे कुणाशी बोलायचं नाही, नुसतं बसून आपल्या श्वासाकडे बघायचं. कोल्हापूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. "पयल्यांदा वाटलं, भिंतीवरनं उडी टाकून पळावं," त्या सांगत. "मग म्हटलं, ह्यो श्वास एवढी वर्सं येतोय, जातोय. आपुन त्याला कदी इचारलंय का, बाबा, बरा हाईस न्हवं?"

तिथून परतल्यावर त्यांनी हॉस्पिटलच्या चादरींच्या खोलीत आमचा वर्ग सुरू केला होता. मी टाळत होते, ती त्या दिवसापासून जाऊ लागले. ड्यूटीआधी थोडा वेळ गठ्ठ्यांवर बसायचं. शिकवण्यात गोडवा औषधाला नव्हता. "डोळं मिटा! श्वास बघा! खांदं खाली सोडा, कुस्ती धराय आलाय काय?" शेजारच्या खोलीतल्या क्लार्कने म्हणे त्यामुळे कायमची जागा बदलून घेतली. कुणी घोरायला लागली तर अक्का म्हणत, "ऱ्हाऊ दे. तिला झोपच पायजे असंल." कुणी रडू लागली तर गठ्ठ्यातली चादर तिच्यापुढे करत.

खरा धडा पुढे वॉर्डात असे. ट्रॉली घेऊन खाटेपाशी गेलं की एक श्वासभर थांबायचं, पेशंटच्या तोंडाकडे बघायचं, नाव घ्यायचं, आणि मग पट्टीला हात लावायचा. चार नंबरवाली सुमन होती. मी तिला नावाने हाक मारली म्हणून तिची कळ थांबली नाही, ती रडायची तशीच रडली. पण कित्येक दिवसांनी ते रडणं मला ऐकू आलं. घरी गेल्यावर मला भूक लागली. गावी जाणं लांबणीवर पडलं, ते पडलंच.

पुढे दोन हजार सालानंतर 'स्ट्रेस मॅनेजमेंट' हा शब्द आमच्या हॉस्पिटलात पोचला, आणि ही गोष्ट आपल्याकडे फुकटात चालू आहे असा ट्रस्टच्या सेक्रेटरींना शोध लागला. त्यांनी वर्ग उचलून हॉलमध्ये आणला आणि वर बॅनर लावला. त्याच सुमारास आमच्या वॉर्डातली एक नर्स सोडून गेली आणि एका पाळीला एकटीच नर्स उरू लागली. जागा भरा म्हणून अक्कांनी तगादा लावला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो सिस्टर, तुमच्या ध्यानानं स्टाफचा ताण उतरलाय. आता एकीवर भागतंय की."

"मी श्वास घ्याय शिकवतो, सायेब," अक्का म्हणाल्या. "एकदम दोन खाटंपाशी हुबं ऱ्हायला न्हाय शिकवत."

सेक्रेटरी हसले. विनोद समजले असावेत.

मग एकदा पुण्याहून पाहुणे आले, वर्ग बघायला. वॉर्डात मी एकटी होते, तरी मला इस्त्रीच्या गणवेशात पहिल्या रांगेत बसवलं. अक्कांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. हॉल गप्प झाला, आणि पलीकडच्या आमच्या वॉर्डातून हाक आली, "सिस्टर, पाणी..." आवाजावरून मी ओळखलं, शालन. मी उठले, तर सेक्रेटरींनी हाताने 'बसा' अशी खूण केली. अक्कांनी ते पाहिलं.

"पावणं, डोळं उगडू नका," त्या म्हणाल्या आणि स्वतः निघून गेल्या.

पाहुणे बसून राहिले. उघडावेत की नाही, कुणालाच कळेना. सेक्रेटरीही मिटूनच बसले, कारण पाहुणे मिटून होते. अक्का सावकाश परतल्या, हात ओले. "आता उगडा. पेशंट पाणी मागत हुती आन तिथं कोण न्हवतं. वॉर्डातली सिस्टर हितं श्वास बघत बसलीया. दुसरी कवा येणार, ते सायबांस्नी इचारा."

पाहुण्यांनी खरंच विचारलं. लवकरच दुसरी नर्स आली. बॅनर उतरला, वर्ग बंद झाला आणि चादरींच्या खोलीलाही कुलूप लागलं. मला फार वाईट वाटलं. अक्कांना नाही. "वर्ग गेला तर जाऊ दे. नळ कुटं जातोय?" तेव्हापासून ड्यूटी संपली की त्या नळापाशी आमची रांग लागू लागली.

निवृत्त होऊन अक्का कुरुंदवाडला गेल्या. काही वर्षांनी फुप्फुसाच्या दुखण्यात त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. तोवर मी इन्चार्ज झाले होते. बोलताना धाप लागे, तो दणदणीत आवाज पार खाली गेला होता. मी रोज फेरी मारायची. शेवटच्या दिवशी त्यांची अवस्था बघून माझा धीर सुटला. त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून सलाइन नीट पडतंय का ते बघत उभी राहिले, आणि वर बघतच म्हणाले, "अक्का, श्वासाकडे लक्ष द्या."

"श्वास ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बाटलीकडं काय बघतीस, तंगी? मी हिकडं हाय."