आगमनकाळात लग्न नाही

आमच्या धर्माचं कॅलेंडर मी साठीला आलो तरी मला नीट वाचता येत नाही. डिसेंबर लागला की नारपोलीतल्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यातले कारागीर विचारतात, "चाचा, आपका बड़ा दिन चालू हो गया ना?" मी जॉबर, म्हणजे लूम बिघडला की त्याला वठणीवर आणणारा माणूस. हात तेलात असतात, मान वर न करता सांगतो, "नहीं, अभी इंतज़ार चालू है." ते हसतात. बाजारात चांदण्या लटकल्यात, केक विकायला आलेत आणि हा बाबा म्हणतो अजून काहीच नाही.

त्यांचं तरी काय चुकलं? नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. वाट बघायची आणि मन झाडून-पुसून घ्यायचं. चर्चमध्ये फादर जांभळी वस्त्रं घालतात, वेदीवर फुलं कमी होतात. इथवर ठीक. मग मध्येच आठ तारखेला मारियामातेचा सण येतो, तो अगदी थाटात. तिसऱ्या रविवारी फादर गुलाबी वस्त्रं घालून सांगतात, आनंद करा. म्हणजे उपास करायचा की सण? एकदा काय ते ठरवा ना! हे मी देवालाही बऱ्याचदा विचारलंय.

माझ्या आईला असा गोंधळ नव्हता. ती वसईकडची. या दिवसांत नवं कापड अंगाला लावायचं नाही, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या तरी डब्याला हात लावायचा नाही, आणि लग्नाचं तर नावच काढायचं नाही. "आगमनकाळात लग्न नाही," हे ती अशा सुरात म्हणायची की मी ती अकरावी आज्ञा समजूनच मोठा झालो.

गेल्या वर्षी दिवाळी संपल्यावर माझ्या मुलीला मागणी आली. मागणी कसली, दोघांचं आधीच ठरलं होतं. मुलगा आमच्याच भागातला, बौद्ध घरातला, इलेक्ट्रिशियन. त्याचे वडील पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"भाऊ, पोरगा वीस डिसेंबरला कतारला चाललाय, दोन वर्सं सुट्टी न्हाय. तयारीला म्हैना तरी पायजे. सहा डिसेंबरपर्यंत आमच्याकडं आनंदाचं काय करत न्हाय. त्याच्या म्होरं कवाबी धरा. तुमच्या चर्चमंदी केलं तरी आमची ना न्हाय."

म्हणजे सात ते एकोणीस. नेमका आगमनकाळ.

"आमच्यात या दिवसांत लग्न होत नाही," मी म्हणालो. तोंडातून आईच बोलली म्हणा. "पोरगा परत आल्यावर करू."

माझी मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

ते गृहस्थ म्हणाले, "तुमचा नियम हाय, तर हाय. आम्ही मोडा म्हननार न्हाय." चहा पिऊन गेले. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. वादात मी पक्का आहे. मान देणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते मला कळत नाही.

मुलगी कप उचलून आत गेली. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. ती असती तर कडाडून भांडली असती, आणि त्या भांडणात निदान माझं मला कळलं असतं. मुलगा वाईट होता का? नाही. माझ्या घरी बसून बोंबलाचं कालवण चाटून-पुसून खाल्लेला मुलगा. तो ख्रिस्ती नाही याचं मला काही नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. दिवसातून किती वेळा सांगत होतो, तेवढं मोजलं नाही.

आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, चर्चमधून मिस्सा आटोपून आल्यावर, तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला.

"डॅडी, आम्ही ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस दिली होती. तीस दिवस होतायत. शुक्रवारी लग्न आहे. तीन साक्षीदार लागतात. दोन मिळालेत."

एवढं बोलून ती आत गेली. तिसरा कोण, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी तसाच स्कूटर काढून फादरांकडे गेलो. खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की हे पाप आहे. मग मला रीतसर चिडता आलं असतं. फादर अंगणात दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत बसले होते. माझं ऐकून त्यांनी माळ बाजूला ठेवली.

"आगमनकाळात लग्नाला बंदी कुठे आहे? पूर्वी थाटामाटाला होती. आता आम्ही एवढंच म्हणतो, साधेपणाने करा. मुलगा ख्रिस्ती नाही म्हणून बिशपांची परवानगी लागते, तीही मिळते. पण कागदपत्रांना वेळ जातो. शुक्रवारपर्यंत नाही जमायचं. तुम्ही दिवाळीनंतर आला असतात तर…"

परत येताना कंटेनरच्या रांगेत अर्धा तास अडकलो. राग आला होता, पण कुणाचा? आई तर मातीत झोपली आहे. फादरांनी काय घरोघरी जाऊन सांगायचं होतं? उरलो मी. आणि मी नियम पाळत होतो की नियमाच्या आड दडून बसलो होतो, हे मला त्या रांगेत कळेना. आजही कळत नाही.

घरी मुलगी तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "फादर म्हणाले, चर्चमध्ये करता आलं असतं. बंदी नाही. माझी चूक झाली."

तिचा हात थांबला नाही. "मला माहीत आहे. मी दिवाळीच्या आधीच त्यांना विचारलं होतं. त्याशिवाय त्याच्या घरच्यांना डिसेंबर सांगितला असता का?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"आजीचा नियम मी खोडून काढला असता, तर तुम्ही दुसरा शोधला असता." ताटातला एक खडा तिने बाजूला टाकला. "म्हटलं, आपल्या मुलीसाठी तुम्ही एकदा तरी फादरांना विचाराल. नोटीस दिली तरी मी थांबले होते, डॅडी. पाच रविवार. दर रविवारी तुम्ही त्यांच्याशी हात मिळवायचात आणि सरळ घरी यायचात."

मी खाली बसलो आणि तिच्या ताटातले तांदूळ निवडू लागलो.

शुक्रवारी ठाण्याच्या कार्यालयात तिसरी सही मी केली. मुलाच्या वडिलांनी मला आधी पेन दिलं, मग पाणी दिलं. चर्चच्या हिशेबात मी बरं केलं की वाईट, हे मी अजून फादरांना विचारलेलं नाही. पण माझी एकुलती एक मुलगी माझा हात धरून वेदीपर्यंत चालायला तयार होती, पाच आठवडे तयार होती, आणि मी तिच्यासाठी फादरांना वेळेत नुसतं विचारायलाही गेलो नाही, एवढं मात्र मला लख्ख कळतं.